चुका न मारता जोडलेली पेटी

मराठी सुताराच्या भाषेत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. फळीला फळी टेकवावी, चार चुका माराव्यात, की पेटी उभी राहते. काही पावसाळे गेले की तीच पेटी खिळखिळी होते, आणि हा शब्दही पुन्हा खिळ्याचीच आठवण देतो. याउलट, ज्या पेटीत एकही चूक मारलेली नाही, जिच्या कोपऱ्यांवर एका फळीचे दात दुसऱ्या फळीच्या खाचांत रुतून बसले आहेत, ती दोनशे वर्षेही टिकते. अशी पेटी करता येणे ही सुतारकामातील पहिली खरी परीक्षा मानली जाते. या परीक्षेचा इतिहास आम्हांस एका विशिष्ट भूभागाच्या संदर्भात पाहायचा आहे. तो भूभाग म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली. उत्तम सागासाठी महाराष्ट्र ज्या जिल्ह्यांचे नाव घेतो, तेथे लहानशी सागवानी पेटी करायला शिकण्याची वाट कशी घडली आणि कोठे अडली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. हाती सूत धरून लाकडावर रेघ आखणारा तो सूत्रधार. संस्कृत नाटकाने हाच शब्द रंगभूमीवर आणला. मराठीत पुढे दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. रंगमंचावरचा सूत्रधार प्रतिष्ठित राहिला आणि लाकडावरचा सुतार गावगाड्याच्या धान्यात मोजला गेला. तरीही आपल्या बोलण्यात त्याचे हत्यार अजून फिरते. आपण एखाद्याच्या कामात पाचर मारतो, सुतासारखे सरळ होतो, वाक्याचा सांधा जुळला नाही म्हणून कुरकुरतो. साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे पाहावे, याचे हे एक कारण. दुसरे कारण पुढे येईल.

प्रथम जोडाविषयी. इंग्रजीतील 'डव्हटेल' हे नाव कबुतराच्या पसरलेल्या शेपटीवरून आले. एका फळीच्या टोकाला बाहेरच्या बाजूस रुंद होत जाणाऱ्या शेपट्या कापतात. दुसरीच्या टोकाला त्या शेपट्यांमधील जागा भरून काढणारे दात ठेवतात. दोन्ही फळ्या काटकोनात एकमेकींत उतरवल्या की एका दिशेने कितीही ओढले तरी शेपटी दातांमधून निसटू शकत नाही. मेज किंवा कपाटाचा खण रोज ओढला जातो, म्हणून खणाच्या दर्शनी कोपऱ्यावर हा जोड शतकानुशतके राहिला. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही तो आहे. शेपटीचा उतार साधारणतः नरम लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक असा धरतात. उतार फार ठेवला तर शेपटीचे कोपरे तुटतात आणि फार कमी ठेवला तर जोड सुटतो.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. लाकूड कापल्यानंतरही हलत राहते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि हे सर्व दिशांनी सारखे घडत नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र हलते. सागात वार्षिक वलयांच्या कडेने होणारा संकोच गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या संकोचाच्या सुमारे दुप्पट असतो. चूक हे हलणे अडवू पाहते, म्हणून एकतर फळी चिरते किंवा चूक सैल होते. शेपटीच्या जोडात मात्र दोन्ही फळ्यांचे तंतू पेटीभोवती एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे चारही बाजू एकदमच फुगतात आणि एकदमच आक्रसतात. जोडाची ताकद विरोधात नसून सहचालनात आहे. साग मुळात फार न हलणारे, तेलकट आणि वाळवीला न जुमानणारे लाकूड. त्यात नैसर्गिक सिलिका असल्याने पटाशीची धार मात्र लवकर बोथटते. म्हणजे सागाची पेटी करणाऱ्यास लाकडाबरोबरच धार लावण्याचेही शिक्षण घ्यावे लागते.

नवशिक्याने अशी पेटी कितव्या पायरीला करावी? १८३९ साली लंडनमध्ये चार्ल्स नाइट यांनी एक निनावी पुस्तक छापले, त्याचे नाव 'द जॉइनर अँड कॅबिनेट मेकर'. मुलांना धंद्यांची ओळख करून देणारे हे पुस्तक कथेच्या रूपात लिहिलेले आहे. थॉमस नावाचा उमेदवार तीन वस्तू करतो. पहिली सामान भरून पाठवायची खोकेवजा पेटी, ती खिळ्यांची आहे. दुसरी शाळेत नेण्याची लहान पेटी, ती डव्हटेलची. तिसरे खणांचे कपाट. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी चुका मारून पेटी उभी करावी, मग चुकांविना, मग तोच जोड अनेक खणांत पुन्हापुन्हा. साहित्याच्या विद्यार्थ्यास येथे आणखी एक गोष्ट दिसेल. हस्तकौशल्य सांगण्यासाठी लेखकाने नियमांची यादी निवडली नाही, तर एका मुलाच्या वाढीची कथा निवडली. जोड शिकणे आणि वयात येणे ही तेथे एकच घटना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस आणि स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी हाच विचार शाळेत आणला. त्यांच्या 'स्लॉइड' पद्धतीत मूल सुतार व्हावे हा हेतू नव्हता. हात, डोळा आणि विवेक यांचे शिक्षण लाकडाच्या आधारे व्हावे, हा होता. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जाणारी नमुन्यांची मालिका, प्रत्येक वस्तू पूर्ण आणि उपयोगी, आणि काम मुलाने एकट्याने केलेले, ही तिची अंगे होती. त्यात वस्तू विकली जाणे गरजेचे नव्हते. खरी 'वस्तू' म्हणजे ते मूल होते.

आता हा धागा आपल्या भूमीकडे येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आखलेल्या योजनेत सूतकताई-विणकाम आणि शेतीबरोबर सुतारकामही होते. वर्धा आणि तेव्हाचा चांदा हे शेजारी जिल्हे, म्हणजे ही घटना आमच्या भूभागाच्या उंबरठ्यावरच घडली. परंतु स्लॉइड आणि नयी तालीम यांत एक मोठा फरक होता. मुलांच्या श्रमातून निघालेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा, निदान शिक्षकाच्या वेतनाचा, खर्च निघावा अशी गांधीजींची अपेक्षा होती. परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या कलमावर आक्षेप घेतला. तो वाद सामान्यतः अर्थशास्त्राचा म्हणून वाचला जातो. आम्हांस तो शिक्षणशास्त्राचाही वाटतो. पेटी विकलीच पाहिजे असे ठरले, तर ती बिघडवण्याची मुभा कोणाला राहील? आणि पहिल्या चार पेट्या बिघडल्याशिवाय पाचवी जमेल कशी? बिघडलेले सूत पिंजून पुन्हा कातता येते, उसवलेले वस्त्र शिवता येते. चुकीच्या रेघेवरून कापलेली फळी मात्र परत लांब होत नाही. सुतारकाम शिकणाऱ्याचा पहिला हक्क म्हणजे लाकूड वाया घालवण्याचा हक्क. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि अरण्याच्या जिल्ह्यांत तो सर्वांत तीव्रपणे उभा राहतो.

कारण या अरण्याची स्वतःची पेटी वेगळीच होती. बांबूचे एक पेर म्हणजे निसर्गाने करून दिलेला डबा. खाली गाठीचा तळ, सभोवती गोल भिंत, आणि वर झाकण बसवायचे तेवढे. त्यास जोड नाही, फळी नाही, काटकोन नाही. एकसंध लाकूड कोरून केलेल्या वस्तूंची परंपराही मध्य भारतातील गोंड, माडिया, मुरिया समाजांत समृद्ध आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९५१ च्या 'द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया' या ग्रंथात तिची दखल घेतली. कोरणे म्हणजे असलेल्यातून कमी करत जाणे. जोडणे म्हणजे आधी लाकडाच्या फळ्या पाडणे, मोजणे आणि मग त्यांना एकत्र आणणे. फळी पाडण्यास मोठी करवत, दोन माणसे, वाळवण्यास महिनोन्महिने आणि बाजार लागतो. म्हणून जोडलेली पेटी ही अधिक 'प्रगत' आणि कोरलेली वस्तू 'आदिम' असे समजण्याचे कारण नाही. त्या दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांच्या वस्तू आहेत.

मैदानी गावांतील सुताराची स्थितीही पाहिली पाहिजे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत सुताराची नोंद 'बढई' या शीर्षकाखाली येते. गावकऱ्यांची शेतीची अवजारे करणारा आणि दुरुस्त करणारा, त्याबद्दल धान्याचा ठरीव वाटा घेणारा, असे त्याचे चित्र आहे. एक वर्ष आधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या ग्रंथाने दख्खनच्या बलुतेदारीचे जे वर्णन केले, त्याच्याशी हे चित्र मिळतेजुळते आहे. बलुत्यात नांगर येत होता, वखर येत होता, तिफण येत होती. पेटी येत नव्हती. फणेरपेटी असो, कलमदान असो वा दागिन्यांची पेटी, ती वेगळ्या मोबदल्याची, लग्नकार्याची किंवा खात्यापित्या घराची गोष्ट होती. आपल्या भाषेतील म्हणही 'सुताराचे मन बाभळीपाशी' अशी आहे, सागापाशी अशी नाही. ही म्हण काळ्या मातीच्या प्रदेशात, नांगर आणि गाडीच्या गरजेतून जन्मली. झाडीपट्टीच्या सागाला मराठी म्हणीत तशी जागा मिळाली नाही, कारण तो साग गावातल्या सुताराच्या नजरेसमोर असूनही त्याच्या हाताखाली येत नव्हता.

तो कोणाच्या हाताखाली जात होता? मध्य प्रांतात १८६० च्या सुमारास वनखात्याची घडी बसू लागली आणि कॅप्टन पिअरसन हे तिचे पहिले प्रमुख झाले. लोहमार्गांना स्लीपर हवे होते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ च्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या पुस्तकात त्या काळातील सागाच्या बेसुमार तोडीविषयी खंत आढळते. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या गॅझेटिअरात अहेरी जमीनदारीच्या सागाची ख्याती नोंदली गेली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी अरण्याच्या मोठ्या भागावर सरकारची मालकी आणि राखीवपणाची चौकट बसवली. १९२७ च्या कायद्याने ती पक्की केली. गावकऱ्यांना 'निस्तार' या नावाने घरगुती गरजेपुरते लाकूड, जळण, गवत मिळण्याची सोय राहिली, पण साग हे मोजून, शिक्का मारून, परवान्याने हलवायचे लाकूड झाले. पुढे महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाने खाजगी जमिनीवरील सागालाही परवानगीच्या कक्षेत आणले.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय ठरेल. या बंधनांमुळेच आलापल्लीचा साग आज शिल्लक आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने ओळखला जाणारा सुमारे सहा हेक्टरांचा जुना वनखंड २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. बल्लारपूरच्या आगारात या अरण्याचे लाकूड येते, तेथे लिलाव होतात, आणि तेथून ते देशभर जाते. २९ मार्च २०२३ रोजी अयोध्येतील राममंदिरासाठी याच भागातील सागाची पहिली खेप समारंभपूर्वक रवाना झाली. जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटला, आणि ते स्वाभाविक होते. पण इतिहासाच्या वाचकाने एवढे लक्षात घ्यावे की दीडशे वर्षांत या सागाची कीर्ती नेहमी तो बाहेर गेल्यावरच झाली आहे. तो येथे राहून काय झाला, याची कथा फारशी लिहिली गेली नाही.

त्या न लिहिलेल्या कथेतील एक प्रकरण वरोऱ्याजवळ घडले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि बाबा आमटे यांनी काही कुष्ठरुग्णांसह आनंदवन उभारण्यास आरंभ केला. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भिक्षेऐवजी श्रम, या तत्त्वावर तेथे शेतीबरोबर विणकाम, सुतारकाम यांसारखे उद्योग आले. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या बोटांनी पटाशी धरणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. सामान्य सुताराला पटाशी हातातून कळते. लाकडाचा तंतू कोठे वळला, धार कोठे अडली, हे बोट डोळ्याआधी सांगते. ज्याचे बोट काहीच सांगत नाही, त्यास प्रत्येक घाव डोळ्याने पाहून मोजावा लागतो. मूठ जास्त घट्ट धरली गेली तरी कळत नाही, फोड आला तरी कळत नाही. त्याच काळात वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड हे याच प्रश्नाशी झुंजत होते. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी स्वतः लंडनमध्ये बांधकाम आणि सुतारकामाचे शिक्षण घेतले होते. रुग्णांची बोटे रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे होणाऱ्या दुखापतींनी जातात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या नवजीवन केंद्रात रुग्ण लाकडी खेळणी करू लागले, तेव्हा हत्यारांच्या मुठींचाही नव्याने विचार झाला. ब्रँड आणि आमटे दोघेही १९१४ साली जन्मलेले. दोघांनीही, वेगवेगळ्या वाटांनी, हाताला काम देणे हा उपचाराचाच भाग मानला.

आनंदवनाचा हा अनुभव आपल्या प्रश्नाला उलटा प्रकाश देतो. ज्या हाताकडून समाजाने काहीच अपेक्षा ठेवली नव्हती, त्या हाताला तेथे आधी लाकूड बिघडवण्याची मुभा मिळाली. मग तो हात शिकला. शिकणे हे नेहमी अशा एखाद्या विश्वासाच्या उधारीवर सुरू होते. ती उधारी देणारा कोणी नसेल, तर उत्तम लाकूड उशाला असूनही उपयोग नाही.

अलीकडच्या वीस वर्षांत या जिल्ह्यांत ही उधारी दिली गेली, पण ती बांबूसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले आणि इमारती लाकूड त्याबाहेर ठेवले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. २०१४ मध्ये चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आकारास आले. क्रम पाहण्याजोगा आहे. साहित्यावर हक्क मिळाला, ते बिघडवणे परवडू लागले, आणि प्रशिक्षणाला अर्थ आला. कौशल्य हे हक्काच्या मागोमाग चालते, त्याच्या पुढे धावत नाही. सागाच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच दुव्याशी थांबली आहे.

येथे कोणी विचारेल, नवशिक्यांसाठी अरण्य तोडायचे काय? मुळीच नाही. हिशोब करून पाहू. नऊ इंच लांब, सहा इंच रुंद आणि चार इंच उंच अशी अर्ध्या इंची फळीची पेटी घेतली, तर झाकण-तळासह तिला सुमारे ११४ घनइंच लाकूड लागते. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. म्हणजे एका घनफुटात पंधरा पेट्या, आणि निम्मे लाकूड वाया गेले असे धरले तरी सात. आरागिरणीत कडेला पडणारे तुकडे, लिलावात कोणी न घेतलेले आखूड ओंडके एवढे पुरे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० पासून देशात चालू आहे आणि सुतारकाम हा तिच्यातील एक व्यवसाय आहे. अभाव लाकडाचा नाही, कल्पनेचा आहे. या जिल्ह्यांतील मुलाने आपल्याच अरण्याच्या तुकड्यावर चार वेळा वाकडी करवत चालवावी आणि पाचव्यांदा सरळ, हे आपण शिक्षण म्हणून मोजले नाही.

दरम्यान पेटीच मागे पडत गेली. आधी पत्र्याच्या ट्रंका आल्या, मग प्लायवूड आले. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने सरस शिजवण्याचे काम संपवले आणि जोडाच्या सुबकपणाची गरजही कमी केली. चुका आणि चिकटा यांनी पेटी झटपट होते. याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, स्वस्त ट्रंकेने गरीब घरालाही कुलूप दिले. परंतु जोड गेला की त्याच्याबरोबर शब्द जातात. रंधा, पटाशी, गुण्या, वाकस, ढलपी हे शब्द कोशात राहतील, पण ते वापरणारे वाक्य राहणार नाही. आरंभी ज्या दुसऱ्या कारणाचा उल्लेख केला, ते हे. भाषेची समृद्धी कोशावर ठरत नाही, किती हात किती प्रकारची कामे मराठीतून शिकतात यावर ठरते. १८३९ च्या त्या इंग्रजी पुस्तकाने एका उमेदवाराच्या तीन पेट्यांतून कथा केली. बल्लारपूर किंवा आलापल्लीच्या मुलाची तशी कथा मराठीत लिहायची तर आधी ते मूल तशी पेटी करताना दिसले पाहिजे.

साहित्य शिकवणाऱ्यांनी सुतारशाळा काढाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. मात्र विद्यार्थ्याच्या पहिल्या निबंधाकडे पाहताना हा इतिहास उपयोगी पडेल. तयार वाक्ये ठोकून उभा केलेला निबंध चुका मारलेल्या पेटीसारखा लगेच उभा राहतो. ज्यात एक विचार दुसऱ्या विचारात रुतून बसला आहे, तो निबंध येण्यापूर्वी बरेच कागद वाया जावे लागतात. कागद वाया घालवण्याची मुभा आपण देतो का, हा प्रश्न वर्गाचा आहे. लाकूड वाया घालवण्याची मुभा कोणाला आहे, हा अरण्याचा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा एकाच ठिकाणी सापडेल: शिकणाऱ्यावर आपण किती विश्वास ठेवायला तयार आहोत, तेथे.